मदत हवी आहे: ऑगस्टाला मास्टर्स बघायला जायचंय, पण दिवसभर फोनशिवाय कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी,

एप्रिलमध्ये कामासाठी दोन आठवडे अटलांटाला जातेय. तिथल्या आमच्या क्लायंटच्या मॅनेजरबाईंना मास्टर्सची, म्हणजे ऑगस्टाला होणाऱ्या मोठ्या गोल्फ स्पर्धेची, दोन तिकिटं लॉटरीत लागली आहेत, बुधवारच्या सराव फेरीची. त्यांच्या नवऱ्याला नेमकं त्याच दिवशी जमत नाहीये. मागच्या आठवड्यात कॉल संपता संपता त्यांनी विचारलं, "तू गोल्फ बघतेस ना? येतेस का माझ्याबरोबर ऑगस्टाला?" मी क्षणात हो म्हणून टाकलं. तेव्हापासून दोन रात्री धड झोप नाही. निम्मा आनंद, निम्मी काळजी.

मी गोल्फ खेळत नाही, क्लब (गोल्फची काठी) कधी हातातही धरलेला नाही. पण 2019 पासून दर एप्रिलमध्ये मास्टर्ससाठी जागते. एरवी रविवारची शेवटची फेरी संपेपर्यंत आपल्याकडे सोमवारची पहाट होते. त्या वर्षी वादळाच्या अंदाजामुळे खेळ लवकर सुरू केला होता आणि आपल्या मध्यरात्रीच्या सुमारास टायगर वुड्सने पाचव्यांदा मास्टर्स जिंकली. मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बाराव्या होलवर (कोर्सच्या अठरा टप्प्यांपैकी बारावा) त्याचा प्रतिस्पर्धी मोलिनारी याचा चेंडू काठावर आपटून मागे घरंगळत पाण्यात गेला, आणि त्याच्यामागून टायगरने झेंड्याची हाव न धरता ग्रीनच्या (खड्ड्याभोवतीच्या तुळतुळीत गवताच्या) सुरक्षित भागात चेंडू नेऊन ठेवला, तेव्हा मी ताठ होऊन बसले. अवघा 155 यार्डांचा होल. जगातले निवडक खेळाडू तिथेच का चुकतात, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. तो बारावा होल मला एकदा डोळ्यांनी बघायचाय. बाकी काही दिसलं नाही तरी चालेल.

अडचण फोनची आहे. कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर, फोन न्यायला अजिबात परवानगी नाही, हे कळलं. आणि त्याच बुधवारी आमच्या दुसऱ्या एका प्रोजेक्टचं रिलीज आहे, म्हणजे सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन चालू करायचंय. भारतात रात्री साडेदहा, म्हणजे ऑगस्टात दुपारचा एक. टीम लीड मी आहे. गेल्या चार वर्षांत एकही रिलीज माझ्याशिवाय झालेलं नाही. काही बिघडलं तर पोरं पहिला फोन मलाच करतात, आणि तो फोन गाडीत बंद पडलेला असेल. माझा एक सहकारी अटलांटाच्या ऑफिसात असेल, पण त्याला या प्रोजेक्टची फारशी माहिती नाही.

तर प्रश्न असे. रिलीजच्या वेळी मला संपर्कात राहता येईल का, आणि कसं? बुधवारी सराव असतो की ती छोटी पार 3 स्पर्धा (तीन फटक्यांत संपवायच्या छोट्या होलची) असते? मला बाराव्या होलजवळ किती वेळ बसता येईल? गुडघा जरा कुरकुरतो, चालणं किती होतं? आणि मी शाकाहारी आहे, बाहेरून डबा नेता येत नाही म्हणतात, ते खरं का?

अटलांटाहून त्याच दिवशी जाऊन परत यायचंय. जाऊन आलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद 1

जॉर्जियातच (ऑगस्टा आणि अटलांटा याच राज्यात) राहतो, दोनदा सराव फेरी बघितली आहे. नक्की जा. लोक वर्षानुवर्षं अर्ज भरतात आणि नंबर लागत नाही.

आधी फोनचं. फोन तर नाहीच, स्मार्ट घड्याळ, टॅब असलं आवाज किंवा डेटा पाठवणारं काहीही चालत नाही. गेटवर तपासणी होते. चुकून खिशात राहिला आणि आत सापडला तर तुम्हाला बाहेर काढतील, शिवाय तिकीट ज्यांच्या नावावर आहे त्यांचा तिकिटाचा हक्क कायमचा जाऊ शकतो. तुमच्या मॅनेजरबाईंसाठी तरी गाडीतून उतरताना दोनदा खिसे चाचपा. मनगटावर काट्याचं साधं घड्याळ बांधा. आत ठिकठिकाणी फुकट फोन ठेवलेले असतात, रांग लावून बोलता येतं. तुम्ही बाहेर फोन करू शकता, तुम्हाला मात्र कुणी करू शकत नाही. त्या हिशेबाने बेत आखा.

सोमवार ते बुधवार साधा कॅमेरा चालतो, फक्त फोटोंसाठी. गुरुवारपासून, म्हणजे खरी स्पर्धा सुरू झाली की, तोही बंद. घरात जुना डिजिटल कॅमेरा असेल तर आत्ताच बॅटरी चार्ज होते का बघा.

बुधवारी दोन्ही असतं. सकाळी मुख्य कोर्सवर सराव आणि दुपारी बाजूच्या नऊ होलच्या छोट्या कोर्सवर पार 3 स्पर्धा. ती 1960 पासून चालू आहे. खेळाडूंची मुलं पांढरे ओव्हरऑल घालून कॅडी (खेळाडूची क्लबची पिशवी उचलणारे मदतनीस) होतात, फार गोड प्रकार असतो. पण तिथे जागा अरुंद आणि गर्दी भयंकर. तुमचं मन बाराव्यावर असेल तर सकाळी आत शिरल्यावर खरेदीच्या दुकानाकडे वळूच नका, थेट दहाव्याच्या कडेने खाली उतरा. दुपारनंतर मुख्य कोर्सवर खेळाडू विरळ होत जातात.

उतार टीव्हीवर अजिबात कळत नाहीत. दहावा होल टीपासून (चेंडू पहिल्यांदा मारतात ती जागा) ग्रीनपर्यंत सुमारे 100 फूट खाली जातो. जाताना मजा वाटते, येताना गुडघे बोलतात. अठरावा तर सगळा चढ. धातूचे खिळे असलेले बूट चालत नाहीत, साधे मऊ तळाचे घाला आणि नवे घालू नका. ओल्या गवतावर घसरायला होतं. पळायला मनाई आहे, त्यामुळे कुणी ढकलून पुढे जात नाही.

अकरा, बारा आणि तेरा मिळून एमेन कॉर्नर. हे नाव 1958 मध्ये हर्बर्ट वॉरेन विंड या पत्रकाराने दिलं. ही जागा पूर्वी रोपवाटिका होती, म्हणून प्रत्येक होलला झाडाचं किंवा फुलाचं नाव आहे. बारावा गोल्डन बेल. त्याच्या टीच्या मागे प्रेक्षकांना बसायला जागा आहे, तिथून बारावा समोर आणि अकराव्याचं ग्रीन डावीकडे दिसतं. बाराव्याच्या ग्रीनपाशी मात्र प्रेक्षकांना जाता येत नाही, ओढ्यापलीकडे फक्त खेळाडू आणि कॅडी.

वेळ उरला तर सोळाव्यावर जा. सरावात खेळाडू तिथे तळ्याच्या पाण्यावरून चेंडू टप्पे खात पलीकडे पाठवतात, आपण लहानपणी नदीत चपटे दगड फेकायचो तसं. प्रेक्षक ओरडून ओरडून त्यांना करायला लावतात. आणि तिथून जवळच सहावा आहे. त्याची टी उंचावर असते आणि लोक खालच्या उतारावर बसतात, चेंडू थेट डोक्यावरून जातो. मला कोर्सवरची सगळ्यात आवडलेली जागा ती.

प्रतिसाद 2

एक महत्त्वाचं राहतंय. क्लायंटकडून तिकीट घेताय, तर तुमच्या कंपनीचे भेटवस्तूंचे नियम आधी बघा. छापील किंमत फार नसते, 2024 मध्ये सराव फेरीचं तिकीट 100 डॉलरला होतं. पण बाहेर त्याचा भाव कितीतरी पट असतो आणि कंपनी कुठली किंमत धरेल सांगता येत नाही. साहेबांना दोन ओळींची मेल टाका, लेखी होकार घ्या, शक्य असेल तर तिकिटाचे पैसे मॅनेजरबाईंना देऊन टाका. मी एकदा असल्या गोष्टीत बोलणी खाल्ली आहेत, म्हणून सांगतेय.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मेल आजच टाकली. बारावा टीच्या मागून दिसतो हे वाचून फार बरं वाटलं.

रिलीजचं अजून सुटत नाहीये. फुकट फोनवरून एक वाजता मी फोन करेन, पण त्या क्षणी काय चाललंय हे न बघता निर्णय कसा देणार? जाणं रद्द करावं का, असं सारखं मनात येतंय.

प्रतिसाद 3

ताई, रद्द करू नका. मी पंधरा वर्षं सपोर्टमध्ये काढली आहेत, म्हणून जरा अधिकाराने लिहितो.

चार वर्षांत एकही रिलीज तुमच्याशिवाय झालं नाही, ही टीमसाठी चांगली गोष्ट नाही. उद्या तुम्ही आजारी पडलात तर? अजून हातात वेळ आहे. त्याआधी एक छोटं रिलीज असेलच, ते टीममधल्या एकाला पूर्ण करू द्या आणि तुम्ही कॉलवर गप्प बसा. खरंच गप्प. मग बुधवारसाठी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. काय झालं तर थांबायचं, किती वाजेपर्यंत जमलं नाही तर मागे फिरायचं (जुनं व्हर्जन परत चालू करायचं), आणि मागे फिरायचा निर्णय कुणाचा. तिसऱ्या ओळीत एकाच माणसाचं नाव हवं. "टीमने ठरवावं" असं लिहिलंत तर रात्री साडेअकराला सगळे तुमचा बंद फोन लावत बसतील.

आणि सगळ्यात साधी गोष्ट, जी हमखास विसरते. अटलांटातल्या सहकाऱ्याचा नंबर तोंडपाठ आहे का? फोन गाडीत राहिला की सगळे नंबरही गाडीत राहतात. जाड कागदावर पेनाने लिहून जवळ ठेवा. भारतातल्या पोरांनी त्या सहकाऱ्याला कळवायचं, तुम्ही त्याला विचारायचं. त्याला प्रोजेक्ट कळायची गरज नाही, फक्त निरोप वाचून दाखवायचाय.

प्रतिसाद 4

शाकाहाराबद्दल: बाहेरचं खाणं-पिणं नेता येत नाही, खरं आहे. पण आत पिमेंटो चीज सँडविच मिळतं, चीज आणि गोडसर लाल मिरचीचं सारण, दीड डॉलर. त्याच किमतीत एग सॅलडचंही असतं आणि दोन्ही हिरव्या वेष्टनात येतात, तेव्हा घेताना नाव वाचा. रोख पैसे चालत नाहीत, कार्ड न्या. पिशवी 10 बाय 10 बाय 12 इंचांपेक्षा मोठी नको.

पातळ रेनकोट मात्र हवाच. 2025 मध्ये सराव फेरीच्या सोमवारी वादळामुळे सकाळीच सगळा कोर्स रिकामा करावा लागला होता.

धागाकर्ती

जाऊन आले! उशिरा लिहितेय, कारण परतल्यावर कामाचा डोंगर होता. पण तुम्ही एवढं सांगितलंत, तर काय झालं ते सांगायलाच हवं.

साहेबांनी लेखी होकार दिला, तिकिटाचे पैसे मॅनेजरबाईंनी आढेवेढे घेत का होईना, घेतले. पहाटे चारला अटलांटाहून निघालो. साधारण 240 किलोमीटर, अडीच तासांचा रस्ता. पार्किंगला पैसे लागले नाहीत. उतरताना फोन बंद करून समोरच्या कप्प्यात ठेवला आणि गेटपर्यंत चार वेळा खिसा चाचपला.

दहाव्याच्या कडेने खाली उतरलो. उतार सांगितला होतात त्याहून जास्त वाटला, मी आडवी पावलं टाकत गेले. बाराव्याच्या टीच्या मागे जमिनीवर मांडलेल्या हिरव्या खुर्च्यांपैकी दोन रिकाम्या होत्या, पाठीला मालकांच्या नावाची कार्डं. शेजारच्या आजी म्हणाल्या, बस, मालक येईपर्यंत बसायची इथे रीतच आहे. मला फार अवघड वाटत होतं. पाऊण तासाने एक गृहस्थ आले. मी घाईने उठले तर म्हणाले, गुडघा दुखतोय दिसतं, बसा, मी तेराव्यावर चक्कर मारून येतो. लोक रिकामी खुर्ची ठेवून खुशाल दोन-दोन तास फिरून येतात आणि ती जागच्या जागी असते, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

आणि बारावा. टीव्हीवर ग्रीन केवढं ऐसपैस दिसतं! समोरून ती एक आडवी, चिंचोळी पट्टी आहे. पुढे उतरता काठ आणि ओढा, मागे बंकर (वाळूचे खड्डे), त्यामागे झुडपं. एका खेळाडूचा कॅडी सारखा गवताची चिमूट सोडत होता. पाती त्याच्या बुटांवर सरळ पडत होती, वारा नाहीच असं वाटावं, आणि पलीकडे ग्रीनमागच्या उंच पाइनचे शेंडे मात्र जोरात हलत होते. खेळाडूने क्लब बदलला, मारला, चेंडू काठाला लागून पाण्यात. त्याने दुसरा चेंडू ठेवला, तसाच मारला, तो मागच्या बंकरमध्ये. तोच माणूस, तोच क्लब, मध्ये अर्धा मिनिट. माझ्या 2019 च्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. मी दोन तास बसून होते आणि कॅमेरा फक्त तीनदा काढला.

एक वाजून दहा मिनिटांनी फोनच्या रांगेत उभी राहिले. पुढे सहा जण होते. जाड कागदावरचा नंबर घामाने थोडा फिसकटला होता, पण वाचता आला. सहकाऱ्याने निरोप वाचून दाखवला: पहिला टप्पा झाला, दुसऱ्यात एक चूक आली, ज्याच्या नावावर निर्णय होता त्याने वीस मिनिटं थांबून बघायचं ठरवलंय. माझ्या जिभेवर लगेच मागे फिरा असं आलं होतं. गिळलं. "त्याला सांग, ठीक आहे," एवढंच म्हणाले. तीन वाजता पुन्हा फोन केला तेव्हा रिलीज पूर्ण होऊन पोरं झोपायला गेली होती.

प्रतिसाद 3 वाले दादा, त्या तीन ओळींचा कागद आता आमच्या प्रत्येक रिलीजला असतो. प्रतिसाद 1, सोळाव्यावर जाऊन आले, पाण्यावरचे टप्पे बघून लहान मुलीसारखी ओरडले. सहावा मात्र राहिला, गुडघ्याने साथ दिली नाही. पिमेंटो चीज सँडविच दोन खाल्ली.

पार 3 च्या बाजूला गर्दी बघून लांबूनच परतलो. परतीचा दहाव्याचा चढ तीन ठिकाणी थांबत चढले. मॅनेजरबाई न कुरकुरता प्रत्येक वेळी माझ्याबरोबर थांबल्या. जूनमध्ये त्या पुन्हा अर्ज भरणार आहेत, यावेळी गुरुवारसाठी.