संगमेश्वर तालुक्यातल्या वाडीत कुठलं सिम? पोर्ट करण्याआधी विचारतोय

सडा_आणि_वहाळ (धागाकर्ता)

आईबाबा देवरुखच्या आतल्या बाजूला एका वाडीत असतात. घर वहाळाच्या अंगाला, खोलगट जागी. टॉवर वर सड्यावर (कातळाच्या पठारावर), मधे काजूची बाग आणि टेकाडाचा खांदा. भिंती जांभ्याच्या, वर स्लॅब, आणि पावसासाठी स्लॅबवर पत्र्याची शेड.

सध्याच्या सिमला अंगणात रेंज असते, माजघरात फोन लागत नाही. आपण लावला की "संपर्क क्षेत्राच्या बाहेर". बाबांकडे ४जी स्मार्टफोन (व्हॉट्सअ‍ॅप, गॅस बुकिंग, थोडं यूपीआय). आईकडे जुना बटणांचा फोन, फक्त बोलण्यापुरता. दोन्ही नंबर ठाण्यात घेतलेले आणि माझ्या नावावर आहेत. ते बदलायचे नाहीत, सगळीकडे तेच दिलेत.

जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यातलं काय घ्यावं? आणि मुंबई सर्कलचा (टेलिकॉम विभागाचा) नंबर तिकडे वापरताना काही अडतं का?

आडवा_बँड

कंपनी कुठली, हा प्रश्न दुसरा. पहिला हा की बाबांच्या माजघरात कुठल्या टॉवरचा कुठला बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) पोचतो. जिल्ह्यात सगळ्यात चांगली असलेली कंपनी त्या वहाळाच्या कडेला शून्य असू शकते.

कांड्या मोजू नका. किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, फोनबद्दल, सिम स्थिती, सिग्नलची ताकद इथे "-१०५ डीबीएम ३५ एएसयू" असं काहीतरी दिसतं. काही फोनांत *#*#४६३६#*#* डायल केलं तरी चालतं. ४जीसाठी ढोबळ हिशोब: -९५ पर्यंत निवांत, -१०५ ला बोलणं होतं, -११५ च्या खाली गेलं की फोन वाजण्याचीच खात्री नाही. यात लोक एका ठिकाणी हमखास फसतात. फोन ४जी सोडून २जीवर उतरला की आकडा एकदम -८५ वगैरे होतो आणि रेंज सुधारली असं वाटतं. सुधारलेली नसते. दोन्हींचा आकडा काढायची रीत वेगळी आहे, ४जीचा नेहमीच खाली दिसतो. म्हणून वर ४जी लिहिलंय की नाही ते आधी बघा, मग आकडा वाचा.

बँडचं असं: आकडा लहान तितका सिग्नल लांब जातो आणि भिंतीतून बरा शिरतो. जिओकडे ४जीसाठी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ. एअरटेलकडे ९००, १८००, २१००, २३००. व्हीआयकडे ९००, १८००, २१००, २५००. बीएसएनएलचं नवं ४जी ७०० आणि २१०० वर. तुमच्या घराला ७०० ते ९०० मधलं काहीतरी लागणार. २३०० वाला सिग्नल सड्यावर झकास पळतो आणि टेकाडाच्या खांद्याआड मरतो. कंपनीकडे तो बँड आहे म्हणजे त्याच टॉवरवर लावलाय असं मात्र नाही. नेटमॉन्स्टरसारख्या अ‍ॅपमध्ये चालू बँडचा नंबर दिसतो: ५ म्हणजे ८५०, ८ म्हणजे ९००, २८ म्हणजे ७००, आणि ४० म्हणजे २३००.

पत्र्याची शेड हा मोठा गुन्हेगार. मंगलोरी कौलातून सिग्नल बऱ्यापैकी येतो, पत्रा तो परतवतो. टॉवर वरच्या अंगाला असेल तर तुमच्या घराला नेमकं टॉवरच्या बाजूनेच झाकण बसलंय.

काजूगर

कोकणात आत शिरलात की बीएसएनएलच. बाकीचे हायवेपुरते. डोळे झाकून घ्या.

आडवा_बँड

@काजूगर, डोळे झाकून नको. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर अधिकृतपणे सुरू झालं, त्यामुळे जुन्या अनुभवावर हो किंवा नाही म्हणण्यात अर्थ नाही. मुख्य अडचण हँडसेटची. त्यांचं लांब पोचणारं ४जी बँड २८ वर, आणि तो बऱ्याच जुन्या ४जी फोनांत नसतो. मग ७०० चा सिग्नल घरात भरलेला असला तरी फोनला तो दिसणारच नाही. बाबांच्या फोनचं मॉडेल टाकून बँडची यादी बघा. शिवाय सिम ३जीच्या काळातलं असेल तर ४जीचं घ्यावं लागतं आणि सेटिंगमध्ये व्होल्टी (४जीवरून कॉल) चालू करावं लागतं.

बटणवाला

आईच्या फोनवर कोणी बोललंच नाही. जुना बटणांचा फोन म्हणजे बहुतेक फक्त २जी. जिओकडे २जी आणि ३जी दोन्ही नाही, त्यामुळे ते सिम त्या फोनात चालणार नाही. घ्यायचंच तर ४जीवर चालणारा बटणांचा फोन सोबत घ्यावा लागेल. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलवर २जी अजून आहे, तिथे आहे तोच फोन चालेल. आईला ज्या बटणांची सवय झालीय ती बदलायला लावू नका, हे माझं मत.

रिचार्जचं. आईला डेटा लागत नसेल तर डेटाचा पॅक मारू नका. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) नियम बदलला आणि फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना भाग पडलं. २०२५ च्या सुरुवातीला आलेले दर असे: एअरटेल ४६९ रुपये ८४ दिवस किंवा १,८४९ रुपये ३६५ दिवस; जिओ ४४८ रुपये ८४ दिवस किंवा १,७४८ रुपये ३३६ दिवस. दिवसाला साधारण पाच ते साडेपाच रुपये. दर बदलतात, रिचार्ज करताना अ‍ॅपमध्ये बघूनच करा. हे पॅक यादीत तळाशी किंवा वेगळ्या खणात असतात, दुकानदार आपणहून दाखवत नाही. ३३६ आणि ३६५ मधला फरकही बघा, वर्ष समजून घेतलेला पॅक महिनाभर आधी संपतो.

२८ दिवसांच्या पॅकचं गणित सगळ्यांना ठाऊक आहे तरी लिहितो: १३ रिचार्ज झाले की ३६४ दिवस होतात. म्हणजे बारा महिन्यांना तेरा हप्ते. बाबांसाठी दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा पॅक बघा, असा निदान एक तरी प्रत्येक कंपनीला ठेवावा लागतो. पेन्शनच्या तारखेला जोडला की लक्षात राहतो.

५जीच्या नावाखाली रोज २ जीबीचा पॅक घेऊ नका. तिथे ५जी पोचत नसेल तर तुम्ही हवेचे पैसे भरताय. फोनमध्येही नेटवर्क प्रकार ४जीवर ठेवा. काठावरच्या रेंजमध्ये ५जी शोधत बसलेला फोन संध्याकाळपर्यंत बॅटरी पितो.

सडा_आणि_वहाळ

बाबांच्या फोनच्या यादीत १, ३, ५, ८, ४०, ४१ आहेत. २८ नाही. म्हणजे बीएसएनएलचं ७०० बाद. पोर्ट कसं आणि कुठून करू? ठाण्यातून की देवरुखातून?

खिडकी_क्र_३

पोर्टच्या आधी चाचणी करा, कारण एकदा पोर्ट झालं की नव्या कंपनीत ९० दिवस काढावे लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर चुकलात तर गणपती तिथेच.

चाचणी: शेजाऱ्यांची सिम मागून घ्या, पण बाबांच्याच फोनात घाला. शेजाऱ्याच्या फोनात लागतं याला किंमत नाही. ओटी, माजघर, स्वयंपाकघर अशा तीन जागी आकडा लिहा. एकदा सकाळी, एकदा रात्री आठ-नऊला. प्रत्येक जागी बाहेरून एक फोन लावून तो वाजतो का ते बघा. नेट पळणं आणि फोन वाजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता पोर्ट. ज्या सिमचा नंबर न्यायचा त्याच सिमवरून, इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, मग एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० ला. परत आठ अक्षर-अंकांचा यूपीसी (पोर्टिंगचा कोड) येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो, म्हणून सवड असेल तेव्हाच मागवा. कोड न येता नकार आला तर कारण त्यातच असतं: ९० दिवस झाले नाहीत, पोस्टपेडचं बिल बाकी, नाव बदलण्याचा अर्ज चालू आहे, वगैरे. सिम हरवलं किंवा बिघडलं म्हणून नवं काढलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. हा नियम १ जुलै २०२४ पासूनचा, सिम चोरून नंबर पळवण्याला आळा म्हणून. एसएमएस जातच नसेल तर मुख्य शिल्लक शून्य आहे का बघा, दहाचं टॉपअप मारलं की बहुतेक वेळा जातो.

ठाणे की देवरुख? नंबर तुमच्या नावावर आहेत, म्हणजे आधारची पडताळणी आणि फोटो तुमचाच लागणार. बाबा देवरुखच्या दुकानात जाऊन काही होणार नाही. ठाण्यात केलंत तर मुंबई सर्कलमध्येच राहता आणि तीन कामाच्या दिवसांत होतं. देवरुखात केलंत तर मुंबईतून महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये जाता, त्याला पाच. रोमिंगसाठी सर्कल बदलायची गरज नाही, हल्लीच्या अमर्याद कॉलच्या पॅकमध्ये देशभराचं रोमिंग धरलेलं असतं.

पण ठाण्यात अर्ज टाकून नवं सिम कुरियरने पाठवू नका. ठरलेल्या वेळी जुनं सिम बंद पडतं (मधे जास्तीत जास्त चार तास सेवा नसते) आणि नवं अजून पार्सलात. अर्ज टाका, सिम घेऊन गावी जा, बदलीच्या दिवशी तिथे असा. मत बदललं तर अर्जानंतर २४ तासांच्या आत रद्द करता येतं, तोही एसएमएस १९०० लाच. जुन्या सिमवरचा पॅक आणि शिल्लक बुडते, तेव्हा पॅक संपायच्या दोन-चार दिवस आधीचा मुहूर्त धरा. आणि दोन्ही नंबर एकाच दिवशी टाकू नका, घरात एक तरी चालू हवा.

नव्या सिमवर यूपीआय पुन्हा नोंदवायला सांगेल, त्यासाठी त्या सिमवरून एसएमएस जायला हवा. म्हणून पॅक आधी, यूपीआय मग.

दिवा_गेला

एक राहिलं. जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवताना ते त्याच टॉवरवरचं नाही ना, हे बघा. एका टॉवरवर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असतात. पावसात वीज गेली, बॅटरी संपली, जनरेटरचं डिझेल आलं नाही, की सगळे एकदम गप्प. वीज जाऊन काही तासांनी दोन्ही सिम पाठोपाठ गेली तर दुसरं सिम शोभेचं आहे. तरंग संचारच्या संकेतस्थळावर आसपासचे टॉवर नकाशावर दिसतात, दुसऱ्या डोंगरावरचा कुठला ते तिथे शोधा.

वाडीत फायबर आलं असेल तर बाबांच्या फोनात वाय-फाय कॉलिंग चालू करा. जिओ, एअरटेल आणि व्हीआय तिन्हींवर आहे, फोनने साथ द्यायला हवी. मग माजघरातला आकडा कितीही असो, फोन वाजतो. फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा; घेताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट, अँपियर आणि पिनचं टोक जुळवून घ्या. १२ च्या डब्याला ९ चा लावला की तो चालू-बंद होत राहतो आणि लोक कंपनीला शिव्या घालतात.

सडा_आणि_वहाळ

फायबर शाळेपर्यंत आलंय, घर तिथून दीडेकशे मीटर. आधी ते विचारतो. शनिवारी जाऊन शेजारच्या तीन सिमांचे आकडे घेतो आणि इथेच टाकतो. आईचा फोन आहे तोच राहील.

बटणवाला

आकडे घेताना पत्र्याखालचा आणि पडवीतला वेगवेगळा लिहा. आणि जाताना सिम काढायची पिन न्या, तिथे ऐनवेळी सेफ्टी पिनने ट्रे वाकवतात.