डीव्हीडी ‘व्हेरिफाय’ झाली म्हणजे झालं का?

खटपट्या
२००७ मध्ये बाबांच्या कीर्तनांच्या कॅसेटी कंप्युटरवर उतरवून मी अकरा डीव्हीडींवर राइट केल्या. प्रत्येकीला शेवटी ‘व्हेरिफाय’ केलं होतं, म्हणजे लिहिलेलं परत वाचून मुळाशी ताडलं होतं, सगळ्या पास. परवा काढल्या तर तीन डीव्हीडी शेवटच्या फायलींवर अडकतात. ड्राइव्ह घुंऽऽ करून वेग धरतो, दम टाकतो, परत धरतो. डीव्हीडी आतून बाहेर राइट होते, त्यामुळे भरलेल्या डीव्हीडीच्या शेवटच्या फायली अगदी कडेला जातात. घोळ तिथेच आहे.

व्हेरिफायवर विसंबणं म्हणजे पोरगं पास झालं एवढंच विचारून गप्प बसणं. मार्क किती, त्यातले ग्रेस किती, हे विचारायचंच नाही. डीव्हीडीवरचा डेटा ३२ केबीच्या ठोकळ्यांत असतो, प्रत्येक ठोकळ्यात २०८ ओळी. ज्या ओळीत चूक निघाली ती ‘पीआयई’मध्ये धरतात. ओळीतल्या ओळीत दुरुस्ती जमली नाही, तर ती ‘पीआयएफ’. सलग ८ ठोकळ्यांत मिळून पीआयई २८०च्या आत हवी, पीआयएफ एका ठोकळ्यात ४च्या वर नको. जुन्या लाइटऑन ड्राइव्हवर डिस्कस्पीड हा चुका मोजणारा प्रोग्रॅम चालवून बघितलं. धडधाकट आठ डीव्हीडींची पीआयई ३०-४०च्या आसपास, आणि या तिघी कडेला ९००च्या पुढे! राइट केल्या त्याच रात्री स्कॅन केलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

शंकेखोर
‘तेव्हाच कळलं असतं’ कशावरून? २००७ चा ग्राफ आहे का तुमच्याकडे? कदाचित तेव्हा ग्राफ सुरेख आला असता आणि डाय, म्हणजे ज्यात डेटा लिहिला जातो तो रंगाचा थर, नंतर खराब झाला असेल. मग तुम्ही जास्तच निर्धास्त झाला असतात.

दुसरं, हे आकडे डीव्हीडीचे एकटीचे नसतात, तिच्या आणि ड्राइव्हच्या जोडीचे असतात. एकच डीव्हीडी मी दोन ड्राइव्हमध्ये घातली, एकाने पीआयई सरासरी ३५ दाखवली, दुसऱ्याने ३००. कुणाचं खरं मानायचं? ती २८०ची मर्यादा प्रयोगशाळेतल्या मापनयंत्रासाठी, १एक्स वेगाला ठरलेली आहे. आपण घरी ८एक्सवर फिरवतो आणि लाल रेघा बघून घाबरतो. शिवाय कित्येक ड्राइव्ह हे आकडे देतच नाहीत. एकेका डीव्हीडीला सात-आठ मिनिटं धरली, तर पन्नासचा डबा तपासायला सहा तास. त्या वेळात दुसरी प्रत काढा, एमडी५ (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा) लिहून ठेवा, आणि एक प्रत हार्ड डिस्कवर टाका.

खटपट्या
दोन प्रतींना कोण नाही म्हणतंय? पण दोन्ही एकाच डब्यातल्या असतील तर काय उपयोग? डब्यावर नाव एकाचं आणि आतला माल भलत्याच कारखान्याचा, हे त्या काळात सर्रास होतं. डीव्हीडीवरच नोंदलेला बनवणाऱ्याचा मीडिया कोड बघितल्याशिवाय कळायचं नाही. टीवायजी०३ दिसला की तैयो युदेन, एमसीसी ००४ दिसला की मित्सुबिशी, की जीव भांड्यात. नवीन डब्यातल्या दोन जरी स्कॅन केल्या तरी डबा ठेवायचा की परत करायचा ते ठरतं. पन्नासच्या पन्नास कोण करतो?

बाकी ड्राइव्हचं म्हणाल तर कबूल. म्हणूनच तोच ड्राइव्ह, तोच वेग, आणि दर दोन वर्षांनी तीच डीव्हीडी. ३५चे ७० झाले तर मला कळतं. तुमचा एमडी५ शेवटपर्यंत बरोबर येतो आणि एक दिवस येतच नाही.

रीलवाला
आम्ही लग्नाचे व्हिडिओवाले. सीझनला शेकड्याने डीव्हीडी जायच्या, स्कॅन वगैरे शब्दही ऐकला नव्हता. पार्टीच्या घरचा स्वस्तातला चायना प्लेयर हाच आमचा स्कॅनर! परत यायच्या त्यातल्या बऱ्याच डीव्हीडींवर नवरा-नवरीच्या फोटोचं स्टिकर असायचं. कागद जरा तिरका बसला की फिरताना थरथर, तापल्यावर एक कोपरा सुटायचा. स्टिकर बंद करून थेट वर छापता येणाऱ्या प्रिंटेबल डीव्हीडी घेतल्या तशा तक्रारी एकदम कमी झाल्या. चालू द्या तुमचं.

मंद्रसप्तक
दोघेही फायलींबद्दल बोलताय. ऑडिओ सीडीचं काय? डेटा सीडीच्या २३५२ बाइटांच्या सेक्टरमध्ये डेटा २०४८चा, उरलेल्यातला बराचसा भाग जादा दुरुस्तीचा. ऑडिओ सीडीत २३५२च्या २३५२ बाइटांत नुसतं गाणं. सीडीत चुका आधी सी१ आणि मग सी२ अशा दोन पातळ्यांवर दुरुस्त होतात. सी२ पातळीवरही दुरुस्ती फसली की प्लेयर शेजारच्या दोन आवाजांवरून मधला आवाज अंदाजाने भरतो. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही, लागला तर एखादी ‘टक्’. आजोबांच्या ७८च्या तबकड्यांवरची नाट्यपदं मी अशाच सीडींवर ठेवली होती. तिथे सी१च्या चुका सेकंदाला २२०च्या आत आणि सी२च्या शून्य, याशिवाय भरवसा कशावर ठेवायचा? व्हेरिफाय ‘ओके’ म्हणेल, आणि तानेतला एक कण भलताच असेल.

शंकेखोर, तुमच्या एमडी५ला इथे धरायला फाइलच नाही.

शंकेखोर
ऑडिओ सीडीपुरतं मान्य. पण मग ऑडिओ सीडी करायचीच कशाला? फ्लॅक, म्हणजे आवाज जसाच्या तसा राखणारी फाइल करा, डेटा म्हणून ठेवा.

आणि एक बघा. तैयो युदेनने २०१५ अखेर हा धंदा सोडला. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे बनवणं थांबवलं. चुका मोजून दाखवणारे चांगले ड्राइव्ह आता जुन्या बाजारात शोधायचे, त्यांची लेझर किती दमलेली ते देव जाणे. २०१० मध्ये मी तुमच्याशी इतका भांडलो नसतो. आज मोजपट्टीच झिजलेली असताना ३५चे ७० झाले, तर म्हातारं कोण झालं, डीव्हीडी की ड्राइव्ह?

खटपट्या
हा मुद्दा बिनतोड आहे. एक खात्रीची डीव्हीडी त्यासाठीच बाजूला ठेवलीय, दर वेळी आधी ती फिरवतो. तिचा आकडा हलला तर ड्राइव्हवर संशय.

त्या तिघींपैकी दोन सुटल्या. एका जुन्या ड्राइव्हवर वेग २एक्सला बांधला तर कुरकुरत का होईना, वाचल्या. तिसरीच्या शेवटच्या दोन फायली, म्हणजे आख्यानाचा उत्तरार्ध, अजून अडकलाय. खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचून काढणारं डीडीरेस्क्यू तीन रात्री चालवलं. मूळ कॅसेटी २००९ मध्ये घर बदलताना मीच भंगारात दिल्या. व्हेरिफाय झालं होतं ना!

कुणाकडे जुना डेस्कटॉपचा ड्राइव्ह पडून आहे का? मुंबई-पुण्यात कुठेही येऊन घेईन.

शंकेखोर
माझ्याकडे रुंद केबलवाला आयडीईचा एक बेनक्यू आहे, ३५ दाखवणारा तोच. व्यनि (खासगी निरोप) करतो.