‘हेन्स’ म्हणजे नुसतं ‘म्हणून’ नव्हे

भाचीने शाळेसाठी रजेचा अर्ज लिहिला: ‘ॲज आय हॅड फीवर, हेन्स आय कुड नॉट अटेंड स्कूल.’ बाईंनी ‘हेन्स’वर लाल काट मारली. भाची चिडून मला विचारते, मामा, हेन्स म्हणजे ‘म्हणून’च ना? मग चुकलं कुठे?

अर्थ चुकलेला नाही. घोळ आपल्या मराठी सवयीचा आहे. आपण जोडीने बोलतो: जेव्हा-तेव्हा, जर-तर; आणि सरकारी आदेशात तर ज्याअर्थी-त्याअर्थी ठाण मांडून असतात. इंग्रजीत मात्र ‘ॲज’ने कारण सांगितलं की काम झालं, पुढे ‘हेन्स’ लागत नाही. दोघांपैकी एकालाच ठेवायचं.

पण हा शब्द मुळात ‘म्हणून’ नव्हताच. त्याचा जुना अर्थ ‘इथून’. १६११ च्या इंग्रजी बायबलात येशू सैतानाला ‘गेट दी हेन्स’ म्हणतो, म्हणजे सरळ ‘चालता हो इथून’! जागेवरून शब्द काळाकडे सरकला. ‘फाइव्ह इयर्स हेन्स’ म्हणजे इथून पाच वर्षांनी, आणि ‘हेन्सफोर्थ’ला तर आपलं ‘इथून पुढे’ अगदी चपखल बसतं. आत्ता सांगितलेल्या गोष्टीपासून निघून निष्कर्षाला पोचणं, हा त्याच प्रवासाचा पुढचा टप्पा.

संस्कृतनेही हेच केलंय. ‘तस्मात्’ ही पंचमी, शब्दशः ‘त्यापासून’. गीतेत ‘तस्मादुत्तिष्ठ कौन्तेय’ येतं, तिथे मात्र अर्थ ‘म्हणून ऊठ’. तेव्हा ‘हेन्स’चा खरा भाऊबंद शोधायचा तर माझं मत ‘तस्मात्’ला. आपलं ‘म्हणून’ वेगळ्याच घरचं, ते ‘म्हणणे’मधून आलेलं. ‘त्यामुळे’मध्ये मूळ दडलंय. आणि अरबीतून आलेल्या ‘सबब’ची तर गंमतच: मुळात अर्थ कारण, पण कार्यालयीन पत्रात ‘सबब, विनंती की’ म्हटलं की ‘म्हणून’, आणि घरी ‘सबबी सांगू नकोस’ म्हटलं की बहाणा.

‘हेन्स’ची एक लकब ‘देअरफोर’ला जमत नाही. त्याच्यापुढे क्रियापद नसलं तरी चालतं: ‘हेन्स द नेम’, म्हणजे ‘म्हणून हे नाव’. ‘देअरफोर द नेम’ कानाला खटकतं.

आणखी एक. हे क्रियाविशेषण आहे, उभयान्वयी अव्यय नव्हे. त्यामुळे दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामावर टांगून मध्ये ‘हेन्स’ घालू नये. आधी अर्धविराम द्यावा किंवा पूर्णविराम देऊन नवं वाक्य सुरू करावं.

भाचीला दोन पर्याय दिले: ‘हेन्स’ खोडून बाकीचं तसंच ठेव, किंवा ‘ॲज’ खोड आणि ‘फीवर’नंतर अर्धविराम दे. तिने दुसरा घेतला, भारदस्त वाटतं म्हणे. तापाच्या अर्जात मी तरी साधं ‘सो’ लिहिलं असतं.