आय-४८५ प्रलंबित असताना नोकरी बदलणे: पदनाम बदलले तर अर्जाला धोका आहे का?

कोलंबसकर

नमस्कार. मी अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबसला राहतो आणि सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रात काम करतो. कंपनीने माझ्या ग्रीन कार्डसाठीचा पर्म अर्ज (त्या नोकरीसाठी कामगार खात्याचे प्रमाणपत्र मिळवण्याचा) २०१४ च्या जूनमध्ये दाखल केला, त्यामुळे माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख, तीच आहे. पुढे ईबी-२ या नोकरीवर आधारित वर्गातला आय-१४० (कंपनीने कर्मचाऱ्यासाठी करायचा अर्ज) मंजूर झाला. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये व्हिसा बुलेटिनमध्ये (रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणाऱ्या सरकारी मासिक पत्रकात) भारतीयांसाठी ईबी-३ चे अर्ज भरण्याची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत पुढे आली, तेव्हा इतर असंख्य कुटुंबांप्रमाणे आम्हीही त्याच पर्मच्या आधारे ईबी-३ चा दुसरा आय-१४० आणि त्यासोबत आम्हा तिघांचे आय-४८५ (ग्रीन कार्डचे प्रत्यक्ष अर्ज) दाखल केले. त्याला आता पाच वर्षे उलटून गेली. मधल्या काळात तारखा पुढे येण्याऐवजी मागे गेल्याचेही पाहिले. २०२३ च्या जुलैत ईबी-३ ची ग्रीन कार्ड देण्याची अंतिम तारीख १ जानेवारी २००९ वर जाऊन बसली, त्या दिवशी घरात कोणी फारसे बोलले नव्हते.

आता दुसऱ्या एका कंपनीकडून इंजिनिअरिंग मॅनेजर या पदासाठी नियुक्तिपत्र आले आहे. हाताखाली अकरा माणसे असतील. त्यांपैकी सहा चाचणी करणारी आणि पाच सॉफ्टवेअर लिहिणारी. पगार बराच जास्त आहे आणि काम टेक्सासमध्ये आहे. सध्याच्या कंपनीत बारा वर्षे झाली, कामात नवे काही उरलेले नाही, आणि गेल्या वर्षभरात माझ्या विभागातल्या दोन तुकड्या कमी करण्यात आल्या आहेत.

माझी मुख्य शंका अशी आहे की, पर्म चाचणी अभियंता या कामासाठी झालेला असताना मी व्यवस्थापक म्हणून रुजू झालो, तर सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागेल का? आधीच्या कंपनीने आय-१४० मागे घेतला तर काय होईल, आणि नवीन ठिकाणी एच-१बी वर (कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर) जावे की ईएडी वर (प्रलंबित आय-४८५ मुळे मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर), हेही समजून घ्यायचे आहे. मुलगा पुण्यात २००९ साली जन्मला, म्हणजे मुलाला आमच्यासोबत ग्रीन कार्ड मिळण्याची एकवीस वर्षांची मर्यादा आता दूर राहिलेली नाही. वडील सांगलीला असतात, वय अठ्ठ्याहत्तर आहे, आणि मला कधीही अचानक निघावे लागू शकते. वकिलांचा सल्ला घेणारच आहे, पण त्यांच्यासमोर बसण्याआधी आपल्याला काय विचारायचे आहे ते मला नीट कळलेले असावे, म्हणून इथे लिहीत आहे.

वाटेवरचा

कोलंबसकर, तुमचा प्रश्न मी सात वर्षांपूर्वी स्वतःच्या बाबतीत सोडवला आहे आणि त्यानंतर अनेक मित्रांच्या फाइली वाचल्या आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुम्हाला आधार देणारा कायदा २००० सालचा आहे. आपल्या लोकांमध्ये तो एसी-२१ या नावाने ओळखला जातो. त्यानुसार आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झाले असतील आणि नवी नोकरी पर्ममधल्या नोकरीसारखी किंवा तिच्याशी मिळतीजुळती असेल, तर जुना आय-१४० नव्या नोकरीसाठी चालतो. नवा पर्म लागत नाही, नवा आय-१४० लागत नाही. नवी कंपनी फक्त सप्लिमेंट जे हा फॉर्म भरून सही करून देते. पगार वाढला किंवा राज्य बदलले एवढ्याने काही बिघडत नाही. तुमचे १८० दिवस २०२१ च्या वसंतातच पूर्ण झाले आहेत, त्यामुळे प्रश्न उरतो तो फक्त ‘मिळतीजुळती’ या शब्दाचा.

इथे बहुतेक लोक पदनामाकडे पाहून घाबरतात आणि चुकतात. अधिकारी सरकारी व्यवसाय-वर्गवारीचे क्रमांक पाहतो हे खरे, पण तो तेवढ्यावर थांबत नाही; रोजच्या कामाचे स्वरूप, लागणारे शिक्षण आणि कौशल्ये हे सगळे एकत्र धरून निर्णय होतो. इमिग्रेशन खात्याने १८ मार्च २०१६ रोजी याबद्दल एक सविस्तर टिपण काढले होते. त्यात बढतीचा स्वतंत्र विचार आहे: माणूस आपल्याच व्यवसायातल्या किंवा त्याच्याशी मिळत्याजुळत्या व्यवसायातल्या लोकांवर देखरेख करणारा व्यवस्थापक झाला, तर ती कारकिर्दीतली स्वाभाविक प्रगती मानता येते. तुमच्या हाताखालची अकराही माणसे चाचणी आणि सॉफ्टवेअर याच कामातली आहेत, ही तुमची सर्वांत जमेची बाजू आहे. हीच माणसे विक्री विभागातली असती, तर मी तुम्हाला थांबा म्हणालो असतो.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण तो पाहून एका मित्राची झोप उडाली होती. २०१४ मध्ये चाचणी अभियंत्यांना स्वतंत्र क्रमांक नव्हता; त्यांची गणना १५-११९९ या ‘इतर संगणक व्यवसाय’ गटात होत असे. २०१८ च्या सुधारित वर्गवारीत त्यांना १५-१२५३ हा क्रमांक मिळाला. व्यवस्थापकाचा क्रमांक तर ११-३०२१, म्हणजे गटच वेगळा. आकडे जुळत नाहीत म्हणून अर्ज संपला असे होत नाही, पण का जुळत नाहीत हे सोबतच्या पत्रात समजावून सांगावे लागते. म्हणून नव्या कंपनीकडून कामाचे वर्णन सविस्तर लिहून घ्या: चाचणीचे धोरण ठरवणे, स्वयंचलित चाचण्यांच्या रचनेचे परीक्षण, दोषांचा पाठपुरावा, असे जे जे तुम्ही खरोखर करणार आहात ते. जे करणार नाही ते एक अक्षरही लिहू देऊ नका.

आय-१४० मागे घेण्याची भीती तुमच्या बाबतीत बाळगण्याचे कारण नाही. १७ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमानुसार, मंजुरीला किंवा आय-४८५ दाखल होण्याला १८० दिवस होऊन गेल्यावर कंपनीने तो मागे घेतला किंवा कंपनीच बंद पडली, तरी त्या कारणाने तो रद्द होत नाही. फसवणूक किंवा खात्याची गंभीर चूक निघाली तर गोष्ट वेगळी. मात्र एक खात्री करून घ्या: तुमचा ईबी-३ चा दुसरा आय-१४० मंजूर झाला आहे ना? २०२० मध्ये वर्ग बदललेल्या अनेकांचा पहिला मंजूर असतो आणि दुसरा पुढे रेंगाळलेला असतो. तुमचा आय-४८५ ज्यावर उभा आहे, त्याची मंजुरी हातात येईपर्यंत मी तरी राजीनामा देणार नाही.

सावली

वरचा प्रतिसाद अचूक आहे. मी त्यात कागदपत्रांबद्दल भर घालते, कारण त्या बाबतीत आम्ही फार पोळलो आहोत.

माझ्या यजमानांची नोकरी २०२३ मध्ये गेली. आय-४८५ प्रलंबित होता, ईएडी होते, त्यामुळे देश सोडावा लागला नाही, आणि तीन महिन्यांत दुसरी नोकरीही मिळाली. काही महिन्यांनी खात्याकडून पुराव्याची मागणी आली आणि नवी नोकरी पर्ममधल्या कामाशी कशी जुळते ते दाखवा असे त्यात म्हटले होते. तेव्हा लक्षात आले की पर्मची प्रत आमच्याकडे कधी नव्हतीच. पर्म आणि आय-१४० हे कागद कंपनीचे असतात, कर्मचाऱ्याला ते देण्याचे बंधन तिच्यावर नसते. जुन्या कंपनीच्या एचआरने आमच्या एकाही पत्राला उत्तर दिले नाही. माहितीच्या अधिकारासारखी इथे जी सोय आहे, तिच्यामार्फत खात्याकडून फाइलची प्रत मागवता येते, पण तिला वेळ लागतो आणि उत्तराची मुदत तोपर्यंत थांबत नाही. शेवटी जुन्या सहकाऱ्यांची पत्रे आणि २०१३ सालची नोकरीची जाहिरात जोडून आम्ही उत्तर दिले. ते मान्य झाले, पण त्या सहा आठवड्यांची आठवण आजही नकोशी वाटते.

म्हणून कळकळीने सांगते, राजीनाम्याचा विषय काढण्याआधी पर्म, दोन्ही आय-१४० ची मंजुरीपत्रे, आय-४८५ च्या सर्व पावत्या आणि पे-स्लिपा स्वतःजवळ जमा करा. आय-४८५ मध्ये तुमचे प्रतिनिधी म्हणून नोंदवलेले वकील कंपनीने नेमलेले असतील, तर तुमच्या बाजूने नवे वकील नोंदवून घ्या. नाहीतर नोटिसा अशा कार्यालयात जातात, जिथे तुमच्याविषयी आस्था असलेले कोणी उरलेले नसते. टेक्सासला गेल्यावर दहा दिवसांच्या आत तिघांचाही पत्ता खात्याकडे बदला.

एच-१बी की ईएडी, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: नवी कंपनी तयार असेल तर एच-१बी वरच जा. तिचा एच-१बी अर्ज दाखल झाला की रुजू होता येते, आणि मंजूर आय-१४० मुळे एच-१बी च्या सहा वर्षांच्या मर्यादेनंतरच्या मुदतवाढीही चालू राहतात. ईएडी वर रुजू झालात की तुमचा एच-१बी दर्जा संपतो, पत्नी आणि मुलगा एच-४ वर (एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असतील तर त्यांचाही संपतो, आणि पुढे दुर्दैवाने आय-४८५ नामंजूर झाला तर पायाखाली काहीच उरत नाही. त्यातच ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या ईएडी नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही, म्हणजे नवे कार्ड वेळेत आले नाही तर काम थांबवावे लागते.

वाटेवरचा

सावली यांच्याशी पूर्ण सहमत. सांगलीच्या प्रवासाविषयी मात्र एक जोड देतो. एच-१बी वर असलात तरी ॲडव्हान्स पॅरोल (आय-४८५ प्रलंबित असताना बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी) काढून ठेवा. दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात, पण इथे तेच हिताचे आहे. पासपोर्टवरचा एच-१बी चा शिक्का संपला असेल तर तो भारतात नव्याने घ्यावा लागतो, आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी व एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाल्यावर भारतातल्या अनेक मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. वडिलांना भेटायला गेलेला माणूस तिथे अडकून पडू नये. पॅरोलवर परत आलात तरी त्याच कंपनीत एच-१बी वरचे काम पुढे चालू ठेवता येते. ईएडी वर काम करणाऱ्याने मात्र पॅरोल हातात नसताना देश सोडला, तर आय-४८५ सोडून दिला असे मानले जाते.

मुलाच्या बाबतीत तुम्हाला धीर देणारी गोष्ट आहे. १४ फेब्रुवारी २०२३ च्या धोरणानुसार मुलांचे वय व्हिसा बुलेटिनमधल्या अर्ज भरण्याच्या तारखांच्या तक्त्यावरून मोजले जाऊ लागले, आणि १५ ऑगस्ट २०२५ ला ते धोरण बदलले, तरी त्याआधी प्रलंबित असलेल्या अर्जांना जुनीच पद्धत लागू राहते. तुमचा मुलगा २०२० मध्ये अकरा वर्षांचा होता, म्हणजे त्या हिशेबात तो एकवीसच्या बराच आत राहतो. त्याचा अर्ज तुमच्या याच आय-४८५ ला जोडलेला आहे, म्हणून नव्या कंपनीने उत्साहाने ‘आपण सगळे पहिल्यापासून करू’ असे सुचवले, तरी हा अर्ज सोडू नका.

नवखा_डॅलस

विषयाला धरूनच विचारतो. माझा फक्त आय-१४० मंजूर आहे, त्याला आठ महिने झाले, पण प्रायॉरिटी डेट २०१९ ची असल्यामुळे आय-४८५ भरताच आलेला नाही. मलाही हाच नियम लागू होतो का?

वाटेवरचा

नाही, आणि हा फरक न कळल्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात. आय-४८५ दाखल नसेल तर नव्या कंपनीला पर्म आणि आय-१४० दोन्ही नव्याने करावे लागतील. तुमच्याजवळ राहते ती २०१९ ची तारीख, आणि मंजुरीला १८० दिवस झालेले असल्यामुळे जुन्या कंपनीने आय-१४० मागे घेतला तरी एच-१बी ची मुदतवाढ मिळत राहते. नवी कंपनी पर्म कधी सुरू करणार, हे रुजू होण्याआधी लेखी घ्या.

कोलंबसकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री फाइल उघडून पाहिली. ईबी-३ च्या आय-१४० चे मंजुरीपत्र २०२१ च्या ऑगस्टचे आहे आणि ते माझ्याकडे आहे. पर्मची प्रत मात्र नाही. ती आज एचआरकडे मागितली आहे आणि कारण विचारले तर स्वतःच्या नोंदीसाठी हवी असल्याचे सांगेन, जे खरेच आहे. नव्या कंपनीने एच-१बी चा अर्ज करण्याची तयारी दाखवली असून कामाचे वर्णन त्यांच्या वकिलांकडून तपासून पाठवतो असे कळवले आहे. पर्मची प्रत आणि ते वर्णन, दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय राजीनामा देणार नाही.