उन्हाळा संपत आलाय, बागेत आता काय काय उरकायचं?

गच्चीवाली: कुंड्यांची पार दशा झालीय, गुलाबाच्या नुसत्या काड्या उरल्यात, टोमॅटोला फुलं येतात नि गळून जातात, मिरचीची पानं फिक्कट पडलीत. म्हटलं सगळ्यांची एकदाच कडक छाटणी करावी, वर खत घालावं नि मोकळं व्हावं. घरचे म्हणतात उपटूनच टाक. सुरुवात कुठून करू?

खुरपी: ताई, आधी ती कात्री खाली ठेवा 😄 ऊन तापतंय तोवर मोठी छाटणी नकोच, कारण त्याने कोवळे फुटवे येतात नि ते करपतात, शिवाय पानांच्या सावलीतलं खोड उघडं पडून भाजतं ते वेगळंच. आत्ता फक्त सुकलेली फुलं नि मेलेल्या काड्या काढा. मेलीय की नाही कळत नसेल तर नखाने साल जराशी खरवडा, आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. खतही आत्ता नको, कोरड्या मातीत रासायनिक खत पडलं तर मुळं जळतात. टोमॅटोचं म्हणाल तर दिवसा 35 डिग्रीच्या आसपास गेलं की परागीभवनच नीट होत नाही म्हणून फुलगळ, त्यात तुमची काही चूक नाही. झाड हिरवं असेल तर राहू द्या, जरा गारवा आला की परत धरेल.

मातीतला: वरच्याशी सहमत, पण पहिलं काम पाणी. घातलेलं पाणी लगेच खालच्या भोकातून बाहेर येतं का? तसं असेल तर माती इतकी वाळलीय की पाणी धरतच नाही, कडेकडेने वाहून जातं आणि आपल्याला वाटतं झालं भिजवून. छोट्या कुंड्या टबात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. मोठ्यांना थोडं थोडं, दोन-तीनदा. मग वर 5 सेंमी तरी पालापाचोळा, खोडाला चिकटू न देता.

गच्चीवाली: बुडबुड्यांचं करून बघते. मिरचीच्या पानांखाली बारीक जाळी पण दिसतेय, ते काय?

मातीतला: लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. कोरड्या उन्हाळ्यात हमखास येतो. सकाळी पानांच्या खालून जोरात पाण्याचा फवारा मारा, दर दोन-तीन दिवसांनी. फारच भरलेली पानं तोडून टाका, कंपोस्टात नको.

शेंगदाणे: सगळीच सुकलेली फुलं काढू नका हो, झेंडूची थोडी बियांसाठी ठेवा! भेंडीच्या निबर शेंगा पण झाडावरच वाळू द्या. फक्त बी आणताना पाकिटावर एफ-1 हायब्रिड (म्हणजे दोन जातींच्या संकराचं बी) लिहिलेलं असेल तर त्या झाडाचं बी धरू नका, पुढचं झाड तसंच निघेल असं नाही.

गच्चीवाली: भेंडीचं पाकीट कधीच फेकलं 🙈 तरी दोन शेंगा ठेवतेच, बघू काय उगवतंय.