पाच गोळ्यांच्या ग्रुपवर रायफल घ्यायची का?

कळंबा रोड

आमच्या कोल्हापूरच्या नेमबाजी क्लबात ज्युनियर पोरांसाठी एक वापरलेली .२२ रायफल घ्यायचं घाटतंय. जर्मन बोल्ट ॲक्शन (हातानं बोल्ट ओढून भरायची), सिंगल शॉट, ॲल्युमिनियमचा स्टॉक (दस्ता), बॅरल मूळचंच. विकणाऱ्यानं सोबत टार्गेटचा कागद जोडलाय: ५० मीटर, पाच गोळ्या, पाचही एकाच फाटक्या भोकात. कमिटीतले निम्मे लोक तो कागद बघूनच पाघळले. मी अडून बसलोय. एका षटकावरून गोलंदाज निवडत नाहीत, तशी पाच गोळ्यांवरून रायफल निवडायची नसते.

कारण सांगतो. कुठलीच रायफल एकाच बिंदूवर गोळ्या टाकत नाही, एका मध्याभोवती विखुरते. पाच गोळ्यांत त्या पसाऱ्याचा तुकडाच दिसतो. त्याच रायफलीतून, त्याच डब्यातल्या दहा गोळ्या मारल्या तर ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, सरासरी सव्वापट मोठा येतो. शिवाय पाचाचे ग्रुप आपसातही चिक्कार हलतात. सरासरी १५ मिमी देणारी रायफल एकदा १० देते, लगेच पुढच्या खेपेला २० देते, आणि तिच्यात काहीही बिघडलेलं नसतं. विकणाऱ्यानं बरेच कागद मारून त्यातला देखणा तेवढा पुढे केला असेल, तर त्याला खोटं बोलायचीही गरज पडलेली नाही.

आता ही विखुरण परवडते किती? ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं. गोळी ५.६ मिमीची, आणि ती रेघेला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य ८ मिमीपर्यंत सरकलेला चालतो. पण फायनल दशांशात मोजतात, तिथं ०.८ मिमी सरकलं की ०.१ गेला. आपल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिम्पिकला पात्रता फेरीत ५९० मारून सातवा होता. फायनलमध्ये ४५१.४ करून ब्राँझ घेतलं, ते असल्या दशांशांची बेरीज करूनच. रायफलच अर्धी जागा खाऊन बसली तर नेमबाजाला चुकायला उरतं काय?

म्हणून माझी मागणी: रायफल व्हाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात) बांधायची, एकाच लॉटच्या (एका खेपेत बनलेल्या) गोळ्यांनी दहा-दहाचे चार ग्रुप मारायचे आणि चारही एकावर एक ठेवून बघायचे. विकणारा तयार नसेल तर विषय बंद.

राजारामपुरीची आई

दादा, तुमचं गणित बरोबर असेल, पण ते कुणासाठी मांडताय ते बघा. ही रायफल माझ्या मुलीसारख्या पोरांच्या हातात जाणार आहे. तिचे गुण जातात ते आठात आणि सातात. गोळीचा मध्य १६ मिमीच्या पलीकडे गेला की आठ लागतो. १५ मिमीची रायफल आणि १८ मिमीची रायफल यांत मध्यापासून फरक पडतो जेमतेम दीड मिमीचा. त्या दीड मिमीसाठी व्हाइस, चार ग्रुप, विषय बंद?

तिची आताची रायफल मोठ्या माणसाच्या मापाची आहे. बटप्लेट (खांद्याला टेकणारं टोक) पूर्ण आत ढकलली तरी खांद्यात बसत नाही, दंडावर सरकते. चीकपीस (गाल टेकायचा भाग) सगळ्यात खाली आणला तरी तिच्या गालाला उंच पडतो. मग ती मान वाकडी करून मागच्या साईटमधून बघते. दहाव्या गोळीपर्यंत मान भरून येते आणि मग गोळ्या डावीकडे चालायला लागतात. हे कुठल्या व्हाइसमध्ये दिसणार? थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा प्रत्येकी वीस गोळ्या. तीन वेळा माप बदलायचं असतं. ही रायफल सर्वांत लहान किती होते, चीकपीस किती खाली येतो, वजन किती, हे आधी विचारा. कमिटीतल्या एकानंही अजून टेप लावलेली नाही.

उद्यमनगर

गोळी नंतर मारा. आधी स्क्रू बघा.

मी लेथवर आयुष्य घातलंय, रायफलीही त्याच डोळ्यानं बघतो. ॲक्शन (बोल्ट बसतो तो भाग) स्टॉकमध्ये नीट बसलीय का हे कळायला गोळी लागत नाही. डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) स्टॉकला पकडायचा, त्याचं टोक बॅरलवर टेकवायचं, काटा शून्यावर आणायचा. मग पुढचा ॲक्शन स्क्रू हळूहळू सैल करायचा. काटा जागेवर राहिला किंवा केसभर हलला तर बेडिंग, म्हणजे ॲक्शनची स्टॉकमधली बैठक, बरं. स्क्रू सुटताना काटा भराभर पळाला तर ॲक्शन ताणून बसवलीय, घट्ट करताना ती वाकतेय. अशी रायफल आज एका भोकात मारेल, आणि परवा कुणीतरी स्क्रू पाव फेरा जास्त आवळला की ग्रुप फुटेल. मग पोरगं म्हणणार माझाच हात हलला.

दुसरं, बॅरलचं तोंड. कानात घालायच्या कापसाची काडी घ्यायची आणि क्राऊनच्या (त्या तोंडाच्या) आतल्या कडेवरून सावकाश फिरवायची. कापसाचा धागा जिथं अडकेल तिथं बुरा किंवा ठेच आहे. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श तिथंच होतो. तिसरं, चेंबरच्या (गोळी भरायच्या जागेच्या) पुढे बोअरस्कोप (आत बघायची दुर्बीण) घालून खालच्या बाजूला बघायचं. .२२ मध्ये शिसं मऊ, त्यानं पोलाद झिजत नाही, पण काडतुसाच्या मागच्या कडेतला (रिम) पेट घेणारा कणीदार मसाला तळाला घासत राहतो आणि तिथंच कार्बनची कडक कडी धरते. कितीतरी बॅरलं मेली म्हणून विकली जातात, ती त्या कडीनं आजारी असतात. आणि काही खरंच मेलेली असतात.

एक बजावून सांगतो. दोष सापडला तर आमच्याकडच्या कुठल्या लेथवाल्याकडं घेऊन जाऊ नका, माझ्याकडंही नको. आर्म्स ॲक्टखाली दुरुस्तीलासुद्धा लायसन्स लागतं. काम लायसन्सवाल्या गनस्मिथकडंच.

तीनशे मीटर

फौजेत असताना लांब पल्ल्याची नेमबाजी केली आहे, त्या अनुभवावरून कळंबा रोड यांना विरोध नोंदवतो.

एकाच लॉटच्या चाळीस गोळ्या मारून तुम्ही रायफल तपासत नाही, लॉट तपासता. .२२ च्या बॅरलला कुठली गोळी मानवेल हे आधी कुणी सांगू शकत नाही. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, नुसता लॉट नंबर बदललेला डबा एका रायफलीत झकास चालतो आणि शेजारच्या रायफलीत विखुरतो. म्हणून तर एली या गोळ्यांच्या कंपनीच्या डब्यावर लॉट नंबर आणि वेग छापलेला असतो, आणि मोठे नेमबाज रायफल घेऊन कंपनीच्या टेस्ट रेंजवर जाऊन लॉट निवडतात. तुमच्या हाताला न मानवणारा लॉट लागला तर चांगली रायफल परत पाठवाल.

दुसरा मुद्दा वेगाचा. मॅच (स्पर्धेच्या) गोळीचा वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास, मुद्दाम ध्वनीच्या खाली ठेवलेला. त्यात १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी साधारण ७ मिमी वर-खाली लागते. ग्रुप उभा लांबट आला तर आधी बॅरलला बोल लावू नका. गोळ्यांचा वेग मोजा, फायरिंग पिनची स्प्रिंग बघा. स्प्रिंग थकली की मार हलका बसतो, प्रत्येक गोळी सारखी पेटत नाही. क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) नसेल तर तुमचे चार ग्रुप अर्धीच गोष्ट सांगणार.

पल्ला वाढतो तसा हाच फरक मोठा होतो. मोठ्या .३०८ रायफलीत १००० मीटरवर त्याच १० मीटरच्या फरकानं गोळी फूटभराहून जास्त वर-खाली होते, आणि एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत १००० यार्डांवर दहाचं वर्तुळ १० इंचाचं. तिथं १०० मीटरवरचा सुरेख ग्रुप दाखवून रायफल विकणारे पुष्कळ. १०० मीटरवर वेगातला फरक दिसतच नाही, त्यामुळे तो ग्रुप खरा असूनही उपयोगाचा नसतो.

कळंबा रोड

लॉटचा मुद्दा घेतला. एकाऐवजी तीन लॉट, प्रत्येकी दहाचे दोन ग्रुप. तिन्हींत पसरली तर नकार, एकात जरी धरली तरी पुढे जायचं. पण ताई, तुमच्या दीड मिमीवर माझं उत्तर ऐका. मुलगी आज आठ मारते म्हणून रायफल आठाच्या लायकीची घ्यायची का? क्लबात आलेली रायफल पिढीभर राहते. याच शहराच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ६०० पैकी ५९७ मारून जागतिक विजेतेपद आणलं. साठ गोळ्यांत गेलेल्या फक्त तीन गुणांचा हिशेब आहे तो. अशी पोरगी उद्या आपल्या क्लबात तयार झाली तर तिनं रायफलीच्या चुका स्वतःच्या नावावर का लिहून घ्यायच्या? शिकणाऱ्याला तर हे जास्तच लागतं. नऊ लागला तो आपल्यामुळे की बॅरलमुळे हे त्याला ओळखता येत नाही. रायफल भरवशाची असेल तरच चूक शोधता येते.

राजारामपुरीची आई

चूक शोधायला आधी तिला रायफल नीट धरता आली पाहिजे. मी ग्रुप नको म्हणत नाही. क्रम उलटा आहे म्हणते. माप बसलं नाही तर तुमच्या साठ गोळ्या वाया. आणि त्या साठ गोळ्यांचा खर्च कुणाचा? परदेशी मॅच गोळी पोरांना सरावालाही मोजून मिळते. तीन लॉटचे तीन डबे फोडायचे म्हणजे कुणाच्या तरी स्पर्धेच्या गोळ्या जाणार. हे कमिटीत आधी ठरवा, नाहीतर शेवटी पालकांच्या वर्गणीतच येतं.

दुधाळीचा जुना

व्हाइसवरच माझा आक्षेप आहे. टेस्ट रेंजवरच्या बहुतेक व्हाइसमध्ये स्टॉक काढून नुसती ॲक्शन आणि बॅरल पकडतात. लॉट निवडायला ते उत्तम. पण उद्यमनगरवाल्यांनी सांगितलेला सगळा दोष स्टॉक आणि ॲक्शनच्या जोडात असतो, आणि तोच तुम्ही चाचणीच्या आधी उचलून बाजूला ठेवता. मग पास झालेली रायफल पोराच्या हातात फसते आणि कुणाला काही कळत नाही.

मी असं करतो. क्लबातला सर्वांत स्थिर नेमबाज झोपून, स्लिंग (हाताला आधार देणारा पट्टा) लावून, पूर्ण रायफलीनं मारतो. प्रत्येक गोळीनंतर स्क्रीन बघायच्या आधी बोलून दाखवतो: कुठं गेली, डावी, खाली, का बरोबर. मी लिहून घेतो. सांगितलेलं आणि लागलेलं जुळत गेलं तर रायफल प्रामाणिक. त्यानं ‘बरोबर’ म्हटलं आणि गोळी नवात गेली, असं पुन्हा पुन्हा झालं, तर रायफलीत किंवा गोळीत काहीतरी आहे. यात ट्रिगरही कळतो. दाबताना पहिला हलका टप्पा संपल्यावर घट्ट भिंत लागते का, ती रोज त्याच जागी लागते का, हे व्हाइसमध्ये बांधलेली रायफल कशी सांगणार?

कळंबा रोड

सर, तुमचा नेमबाज चांगला आहे म्हणूनच मला भीती वाटते. चांगला नेमबाज खराब रायफल सांभाळून घेतो, वाऱ्याचा अंदाज घेऊन गोळी थांबवतो. त्याच्या गोळ्यांत रायफल किती आणि तो किती हे वेगळं काढता येत नाही. मी व्हाइस सोडणार नाही. स्टॉकसकट पकडणारं फिक्श्चर मिळालं तर उत्तम, नाहीतर बेडिंगसाठी डायल गेज आणि बॅरलसाठी व्हाइस, दोन्ही करू.

दुधाळीचा जुना

करा. पण व्हाइसमध्ये नापास झालेली रायफल माझ्या माणसाला एकदा मारू दिल्याशिवाय परत पाठवायची नाही, एवढं लिहून ठेवा. पकड चुकीची बसल्यानं ग्रुप फुटलेला मी बघितलाय.

उद्यमनगर

रविवारी रायफल आली तर डायल गेज आणि चुंबकी स्टँड मी आणतो. स्क्रू लायसन्सधारकानंच सैल करायचा, मी काटा वाचतो. त्याआधी कुणी बॅरल साफ करू नका, कडी आहे तशी बघायचीय.

राजारामपुरीची आई

मुलीला नऊला घेऊन येते. काटा वाचायच्या आधी ती रायफल खांद्याला लावून बघेल.