मिहान, सदर आणि अडीच वर्षांची मुलगी – नागपुरात भाड्यानं घर कुठं बघावं?

परीची_आई

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, पण प्लीज पूर्ण वाचून सांगा.

आम्ही आतापर्यंत अमरावतीला होतो. नवऱ्याला मिहानमध्ये (शहराच्या दक्षिणेला, विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग) जॉब लागला आणि माझी बदली झाली, माझं ऑफिस शहरातल्या सदर भागात. मुलगी अडीच वर्षांची आहे. माझे आईबाबा हनुमान नगरला राहतात पण घर छोटं आणि भाऊ-वहिनी तिथंच, त्यामुळं त्यांच्याकडं राहणं जमणार नाही. आई म्हणते पोरीला मी बघते, पण तिचे गुडघे दुखतात, दिवसभर अडीच वर्षांच्या पोरीमागं धावणं तिच्यानं होणार नाही, म्हणजे पाळणाघर लागणारच.

बजेट मेन्टेनन्स धरून १८ हजार, त्याच्या वर खरंच जाता येत नाही कारण अमरावतीच्या घराचं लोन चालू आहे. बरीच घरं पाहिली, आता तीनवर विचार चालू आहे. एक बेलतरोडी साइडला नवीन स्कीममध्ये टूबीएचके, चौथा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, लिफ्ट आहे, खाली झोके-घसरगुंडी, १४ हजार मागून राहिले. दुसरं त्रिमूर्ती नगरला, स्वतंत्र घराचा वरचा मजला, खाली मालक-मालकीण दोघंच राहतात, १६ हजार. तिसरं शंकर नगर चौकाजवळ जुन्या बिल्डिंगमध्ये वनबीएचके, तळमजला, १८ हजार, पण मेट्रो पायी, डॉक्टर पायी, सगळंच पायी.

नवरा म्हणतो बेलतरोडी घेऊ, ते मिहानला जवळ पडते, त्याची शिफ्ट कधी रात्री अकराला सुटते, तेव्हा मेट्रो नसते, गाडीनंच यावं लागेल. मला वाटते की मी रोज सदरपर्यंत जाऊन परत येईन तोपर्यंत पोरगी झोपायला आलेली असेल, मग मी तिला बघायचं कधी. दोघांचंही बरोबर आहे म्हणूनच ठरून नाही राहिलं. तुम्ही लहान मूल घेऊन घर बघितलं तेव्हा आधी काय धरलं ते सांगा.

मानेवाडा_रोड

ताई, तुम्ही मिहान लिहिलं, सदर लिहिलं, तीन घरं लिहिली, पण त्यातलं एकही घर हनुमान नगर धरून शोधलेलं दिसत नाही. आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

रोजचं जाणं-येणं सवयीचं होऊन जाते. खरी परीक्षा त्या दिवशी असते जेव्हा सकाळी अकरा वाजता पाळणाघरातून फोन येतो की पोरीला ताप भरला, घेऊन जा. तुम्ही सदरला, ते मिहानला, कोणीच तासाभराच्या आत पोचत नाही आणि आल्यावर उरलेल्या दिवसाची सुट्टी. त्या वेळी ऑटो करून दहा मिनिटांत पोचू शकेल असं एकच माणूस तुमच्याकडं आहे, ते म्हणजे तुमची आई. तिच्यानं दिवसभर होत नाही हे मान्य, पण ताप आलेलं पोर मांडीवर घेऊन बसणं तिला जमते. पहिल्या वर्षी पाळणाघरात मुलं फार आजारी पडतात, सर्दी गेली की खोकला, खोकला गेला की जुलाब, हे ज्यांनी काढलं त्यांनाच माहीत. त्रिमूर्ती नगर आणि शंकर नगर दोन्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला पडतात, मध्ये वर्धा रोड आणि रेल्वे लाइन, अजनीचा जुना पूल ऑफिसच्या वेळेला कसा असतो ते माहीतच असेल.

म्हणून मी म्हणते नरेंद्र नगर, ओंकार नगर, मानेवाडा रोड, अयोध्या नगर इकडं बघा. नरेंद्र नगरहून छत्रपती चौकाचं मेट्रो स्टेशन धरा, ती ऑरेंज लाइन आहे, सीताबर्डीला गाडी बदलायची गरज नाही, सरळ कस्तुरचंद पार्कला उतरा आणि तिथून सदर. तुमच्या मिस्टरांना छत्रपती चौकातून वर्धा रोड सरळ मिहानपर्यंत, रात्री अकराला तर तो रस्ता मोकळाच असतो. आणि पाळणाघर घराजवळ नाही, ऑफिसजवळ नाही, आईच्या घराजवळ बघा.

बेसाकर

मी बेसा साइडलाच राहतो, मुलगा चार वर्षांचा, त्यामुळं दुसरी बाजू मांडतो. इकडं लोक उगाच नाही येऊन राहिले. आमच्या स्कीममध्ये संध्याकाळी खाली पंधरा-वीस मुलं असतात, मुलगा बोलायला तिथंच शिकला असं म्हटलं तरी चालेल. शहरात १८ हजारांच्या वनबीएचकेत पोरगं टीव्हीसमोर बसते कारण बाहेर सोडायला जागाच नसते. आईवडील थकून घरी आले की पोराला खाली सोडता येणं ही फार मोठी गोष्ट आहे, भाड्याच्या हिशोबात ती दिसत नाही.

पण दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली म्हणजे पाणी. बेसा-बेलतरोडीकडच्या बऱ्याच स्कीम बोअर आणि टँकरवर आहेत. घर बघताना नळ सोडून पाणी येते का एवढंच बघू नका, एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात, त्याचे पैसे मेन्टेनन्समध्ये आहेत की वेगळे, हे चौकीदाराला विचारा, एजंटला नाही. लहान मूल असलं की कपडे, आंघोळी, सांडलवंड, सगळं मिळून पाणी दुप्पट लागते आणि वरून दोन कूलर. १४ हजारांचं घर मेमध्ये १४ हजारांचं राहत नाही.

दुसरी गोष्ट, सगळ्यात वरचा मजला घेऊ नका. दुसरं काहीही घ्या. नागपूरचा मे, पारा ४५ च्या वर, दिवसभर तापलेली स्लॅब रात्री उष्णता सोडते, रात्री एक-दोनपर्यंत गादीसुद्धा गरम लागते. मोठं माणूस कसंतरी काढते, अडीच वर्षांचं लेकरू दुपारी झोपतच नाही, अंगभर घामोळ्या, चिडचिड, आणि ते झोपलं नाही की घरात कोणीच झोपत नाही. त्याच स्कीममध्ये पहिला-दुसरा मजला हजार रुपये जास्त देऊन भेटत असेल तर डोळे मिटून घ्या. नाहीच भेटला तर मालकाकडून गच्चीला पांढरा हीट-रिफ्लेक्टिव्ह रंग मारून घ्या, त्यानं फरक पडतो, पण राहायला जायच्या आधी. नंतर कोणी मारून देत नाही.

धरमपेठवाला

शंकर नगर चौकाजवळ म्हणजे नेमकं कुठं ते बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकर नगर या भागात लोकांच्या घरात पाणी शिरलं. लोक झोपेत होते. तळमजल्यावर फ्रिज तरंगत होते, गाड्या वाहून गेल्या, म्हाताऱ्या माणसांना बोटीनं काढावं लागलं.

सगळं धरमपेठ बुडलं असं मी म्हणत नाही, उंचावरच्या गल्ल्यांत काहीच झालं नाही. म्हणून त्याच बिल्डिंगमधल्या नाही तर शेजारच्या दुकानदाराला विचारा की त्या रात्री पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो लगेच हात दाखवून सांगेल, इथं प्रत्येकाला ती रात्र पाठ आहे. गुडघ्यापर्यंत जरी आलं असेल तर लहान मूल घेऊन तळमजल्यावर राहू नका, मालक कितीही म्हणो की नाल्याची भिंत बांधून राहिले, खोलीकरण झालं. पहिला मजला असता तर मीच म्हटलं असतं घ्या, कारण बालरोगतज्ज्ञ पायी अंतरावर असणं ही चैन नाही, आणि धंतोली-रामदासपेठेतले सगळे दवाखाने जवळ पडतात.

वायरमन_काका

कोणीच सांगितलं नाही म्हणून मी सांगतो. मी इलेक्ट्रिकची कामं करतो, उन्हाळ्यात माझे अर्धे फोन कूलरचे असतात.

घर कुठंही घ्या, पण त्या घराचं अर्थिंग तपासल्याशिवाय लोखंडी कूलर लावू नका. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट दिसतो पण मागं अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. कूलरच्या पंपात बिघाड झाला की पूर्ण बॉडीत करंट उतरते, खाली फरशी ओली, आणि लहान मूल अनवाणी. कूलर त्याच्या हाताच्या उंचीलाच असतो, गार हवा येते म्हणून ते चिकटून उभं राहते. दर उन्हाळ्यात विदर्भात अशा बातम्या येतात आणि वाचून जीव तुटतो. ओळखीच्या वायरमनला घेऊन जा, टेस्टरनं नाही, मीटरनं चेक करायला सांगा, आणि मेन बोर्डात ईएलसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर मालकाच्या परवानगीनं बसवून घ्या, स्वतःच्या खर्चानं का असेना. कूलर शक्यतो फायबर बॉडीचा घ्या, खिडकीच्या बाहेर ग्रिलवर ठेवा, पाणी भरताना प्लग काढायचा म्हणजे काढायचा.

आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून सुकवा. डेंग्यूचा मच्छर स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालते, पाऊस सुरू झाल्यावर लोक कूलर बंद करतात पण पाणी तसंच ठेवतात. घर बघताना आजूबाजूला रिकामा प्लॉट आहे का तेही बघा, आउटर साइडला असे प्लॉट लय आहेत, पावसाळ्यात त्यांचं डबकं होते.

परीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं वाचून मी आत्ताच आईकडचा कूलर चेक करायला भावाला सांगितलं.

शंकर नगरच्या घराचं विचारलं, समोरच्या इस्त्रीवाल्यानं मांडीपर्यंत हात दाखवला. ते घर कॅन्सल. बेलतरोडीच्या स्कीममध्ये खालचा एकही फ्लॅट रिकामा नाही. आईला विचारलं की पाळणाघर तुझ्याजवळ असलं आणि तू फक्त दुपारी चारनंतर तिला घरी आणून ठेवलं तर जमेल का, तर ती एवढी खूश झाली की मला रडूच आलं. म्हणजे आता नरेंद्र नगर-ओंकार नगर बघायचं असं ठरून राहिलं आहे, नवराही तयार आहे.

नरेंद्र नगरला एक घर ऐकून आहे, पहिला मजला, टूबीएचके, १७ हजार, डिपॉझिट ५० हजार. मालक म्हणतात स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करू, रजिस्टर करायची काय गरज, इथं सगळे असंच करतात. बरोबर आहे का हे? आणि फोनवर दोनदा आडनाव विचारलं, मग नॉनव्हेज खाता का विचारलं. आम्ही खातो, तसं सांगितलं. त्यावर बघू म्हणाले.

मानेवाडा_रोड

नॉनव्हेजचं आत्ताच सांगितलं ते फार चांगलं केलं. लपवून राहायचं आणि मग पोरीला अंडं उकडून देतानाही खिडकी लावायची, असं घर नको. आणि आडनावावरून जो माणूस ठरवतो त्याच्याकडं लहान मूल घेऊन राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे, घरं आणखी भेटतात.

करारनामा

नोटरीचं विचारलं म्हणून लिहितो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार) लेखी आणि रजिस्टर असायलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही. ११ महिन्यांचा असला तरी. खर्च फार नाही, स्टॅम्प ड्यूटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज मिळवतात, तुमच्या आकड्यांवर ती ५०० च्या आसपास बसते, आणि मनपा हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००. ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो, घरी येऊन करून देणारे एजंटही आहेत, त्यांचे पैसे वेगळे. मालक कटकट नको म्हणून टाळत असतील तर खर्च आम्ही करतो म्हणा, बहुतेक जण तयार होतात.

तुमच्यासाठी हे महत्त्वाचं अशासाठी की मुलगी लवकरच शाळेच्या वयाची होईल. नर्सरीसाठी ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण लागतात, तारीख मोजून घ्या. पुढं कोणाला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायदा) २५ टक्के राखीव जागांमधून पहिलीचा फॉर्म भरायचा असेल तर शाळेपासून घराचं अंतर बघतात आणि भाड्याच्या घराला रजिस्टर्ड करारच लागतो, नोटरीचा चालत नाही. ५० हजार डिपॉझिट परत कधी, किती दिवसांत, रंगकामाचे कापणार की नाही, मध्येच घर सोडायला सांगितलं तर नोटीस किती, हे सगळं करारात लिहून घ्या. मूल शाळेत रुळल्यावर घर बदलायला लागणं फार वाईट. लाइटचं मीटर वेगळं आहे का तेही बघा, नाहीतर मालक स्वतःच्या रेटनं युनिट लावतात आणि कूलर-एसीच्या महिन्यात भांडणं होतात.

बेसाकर

नरेंद्र नगरचं घर अंडरपासच्या कोणत्या बाजूला आहे ते मात्र नक्की विचारा. जोराचा पाऊस झाला की त्या रेल्वे अंडरपासमध्ये पाणी भरते आणि रस्ता बंद होतो, मग छत्रपती चौकात यायला लांबून फिरावं लागते. घर चौकाच्या बाजूला असेल तर मेट्रो सोपी पण आईकडं जायला अंडरपास, दुसऱ्या बाजूला असेल तर उलट. मी असतो तर आईच्या बाजूचं घेतलं असतं, ऑफिसला एखाद्या दिवशी उशीर चालते.

परीची_आई

आईच्याच बाजूला आहे! शनिवारी दुपारी दोन वाजता बघायला जाऊन राहिलो, ऐन उन्हात, मुद्दाम. सोबत वायरमन पण नेतो आहे.